दहा फुटांत खानापूर: रेल्वेच्या देखाव्यात आधी पाण्याची वाट

खानापूरहून एका तरुण वाचकाने विचारले आहे: "घराच्या माळ्यावर दहा फूट बाय चार फूट जागा मोकळी आहे. तिथे चालत्या रेल्वेचा देखावा करायचा आहे. एका टोकाला बेळगाव स्टेशन, मध्ये खानापूर आणि लोंढा, दुसऱ्या टोकाला दूधसागर, धबधब्यासकट. एचओ स्केल घेऊ की एन? झाडे, गवत, माती परदेशातून मागवावी लागेल का? सुरुवात कुठून करू?"

दूधसागर सोडून द्या. बाकीचे सगळे जमेल.

राग मानू नका, आधी हिशेब बघा. धबधब्याची उंची ३१० मीटर. एचओ म्हणजे १:८७, खऱ्याचा सत्त्याऐंशीवा भाग. भागाकार केला की साडेतीन मीटरच्या वर जातो, म्हणजे जवळजवळ पावणेबारा फूट. तुमच्या माळ्याची कौले काढून वर मनोरा उभारावा लागेल. एन स्केल १:१६०, त्यातही तो सव्वासहा फुटांच्या वर भरतो. बेळगाव ते लोंढा रुळाने सुमारे ५० किलोमीटर. एचओत ते ५७५ मीटर होतात. आणि घाटाचा चढ? घाटमाथ्यावरचे कॅसलरॉक ते गोव्यातले कुळे हा उतार ३७ला १ असा आहे, खऱ्या गाड्यांनाही तिथे मागून बँकर इंजिने लावावी लागतात. त्या चढाने तुमची गाडी दहा फुटांत चढणार सव्वातीन इंच. एका रुळावरून दुसरा रूळ पार करायला एचओत साधारण तेवढीच उंची लागते. म्हणजे पूर्ण भिंत एका चढात संपली, आणि तो 'घाट' बघणाऱ्याला रस्त्यावरच्या स्पीडब्रेकरएवढा वाटणार.

माणसे तरीही करतात. दोन फूट उंच धबधबा, त्याच्यापुढे पूल, पुलावर तीन डबे. बघणारा "अरे, दूधसागर!" म्हणतो आणि पुढच्या मिनिटाला चहाकडे वळतो. ओळख पटली, संपले. त्यापेक्षा बघणाऱ्याने गप्प उभे राहून, "हे कुठले हो? मी इथे आलो आहे," असे म्हणावे, ही खरी कमाई. त्यासाठी नाव मोठे लागत नाही, जागा लहान लागते.

मी कोण ते थोडक्यात सांगतो, म्हणजे सल्ला कुठून येतो ते कळेल. बेळगावच्या उद्यमबागेतल्या पॅटर्न शॉपमध्ये माझा जन्म गेला. फाउंड्रीला ओतकामासाठी लागणारे लाकडी पॅटर्न, म्हणजे साचा उठवायचे नमुने, करणे हा माझा धंदा. रेल्वेच्या देखाव्याचा नाद लागला तो त्याच्या कितीतरी आधी, दिवाळीच्या किल्ल्यातून. किल्ल्याच्या पायथ्याशी मी काड्यापेटीची गाडी उभी करायचो, थोरला भाऊ म्हणायचा, शिवाजी महाराजांच्या काळात रेल्वे कुठली? काढून टाकायचा. मी परत लावायचो.

पहिला मोठा देखावा मी दोन फळ्यांवर केला. दोन्ही फळ्या पाच-पाच फुटांच्या. जोडायला गेलो तर रूळ जुळेनात, कमानी जुळेनात. दोन दिवस डोके धरून बसलो. मग लक्षात आले: एक फळी मी घरच्या टेपने मोजली होती आणि दुसरी शॉपमधल्या कॉन्ट्रॅक्शन पट्टीने. बीड थंड होताना आकसते म्हणून त्या पट्टीवर फूटच मुळी एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, मोठा असतो. पाच फुटांत पाच सुतांचा फरक. तीस वर्षे रोज हातात असलेली पट्टी, आणि घरी येऊन मी तिलाच विसरलो. तेव्हा तुमचे पहिले हत्यार: एकच टेप, आणि तो घरात दुसऱ्या कोणाला देऊ नका.

पण मला खरा धडा दिला तो एका म्हाताऱ्या ग्यांगमनने. आयुष्यभर लोंढ्याच्या बाजूला रुळावर काम करून निवृत्त झालेले. माझा दुसरा देखावा बघायला कोणीतरी त्यांना घेऊन आले. मी मोठ्या ऐटीत गाडी चालवून दाखवली. त्यांनी गाडीकडे बघितलेच नाही. रूळ उचलून धरणाऱ्या मातीच्या भरावाकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्या भरावाला मोरी कुठं हाय? पलीकडचं पाणी जायचं कुठनं? पहिल्या पावसात वाहून जातंय बघा हे." मग डोंगर कापून रूळ नेला होता तिकडे सरकले. "हे कटिंग. वरनं चर न्हाई काढला. दरड येणार." एका मिनिटात त्यांनी माझी सहा महिन्यांची मेहनत पावसात वाहून नेली.

त्या दिवसापासून मी कागदावर रूळ काढायच्या आधी पाणी काढतो. आपल्या भागात हेच खरे आहे. खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात पाऊस असा कोसळतो की तिथली प्रत्येक गोष्ट पाण्याला दिलेले उत्तर असते. कौलाचा उतार, घराचे जोते, शेताचे बांध, रस्त्याकडेचे चर, भरावाखालून पाणी काढणारी रेल्वेची मोरी, कटिंगच्या माथ्यावरून पाणी बाजूला वळवणारा नाला, सगळे. डोळ्याला ते वेगळे कळत नाही, पण चुकले की काहीतरी खोटे आहे एवढे नक्की कळते. परदेशी पुस्तकांतून बघून केलेले देखावे इथेच फसतात. झाड चांगले, घर चांगले, गाडी चांगली, आणि जमीन कोरड्या देशातली.

आता तुमच्या दहा बाय चारकडे येऊ.

माझे मत: एचओ घ्या. एनमध्ये दहा फुटांत जवळजवळ ४९० मीटरचा मुलूख बसतो आणि एचओत २६५ मीटरचा, हे मला मान्य. नुसता निसर्ग करायचा असता तर मी एनच म्हटले असते. पण आपल्या गाड्या, म्हणजे आयसीएफचे प्रवासी डबे, डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन, बॉक्सएन मालवॅगन, यांचे नमुने एचओत करणारे जास्त आहेत, आणि घरी हाताने किंवा थ्रीडी प्रिंटवर करायला हा आकार बोटांना झेपतो. एक तडजोड मात्र डोळे उघडे ठेवून स्वीकारा. आपले ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, १६७६ मिलिमीटरचे, ते १:८७मध्ये सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवे. बाजारात मिळतो तो रूळ साडेसोळा मिलिमीटरचा, कारण तो १४३५ मिलिमीटरच्या परदेशी गेजसाठी आहे. आपली गाडी त्याच्यावर थोडी सोवळ्यात उभी राहिल्यासारखी दिसते. समोरून बघितले तर. बाजूने बघितले तर कोणाला कळत नाही, म्हणून देखावा बाजूने बघायचा असाच रचा.

मीटरगेजचा, म्हणजे एक मीटर अंतराच्या रुळांचा, जुना काळ करायचा असेल तर हा प्रश्न सुटतो. १:८७ला १२ मिलिमीटरचा रूळ मीटरगेजला जवळजवळ बरोबर बसतो. दुसरी युक्ती अशी की १:१२० या टीटी स्केलमध्ये गाडी बांधायची आणि खाली एनचा ९ मिलिमीटरचा रूळ व चाके वापरायची. हिशेब १०८० मिलिमीटरचा येतो, चालून जातो. पण अशा गाड्या तुम्हाला स्वतःच बांधाव्या लागतील. पहिल्याच देखाव्यात हे अंगावर घेऊ नका.

चार फुटांची रुंदी सगळी देखाव्याला देऊ नका. हात अडीच फुटांपलीकडे पोचत नाही, आणि गाडी नेहमी तिथेच घसरते. लांबीच्या मधोमध, दहा फूट आडवा, एक पडदा उभा करा. पुढचे दोन फूट देखावा, मागचे दोन फूट झाकलेले. रूळ लांबट गोल असू द्या: पुढून जाणार, टोकाला वळणार, पडद्यामागून परत येणार. मागे दोन-तीन लूप, म्हणजे बाजूचे रूळ, ठेवले की वेगवेगळ्या गाड्या तिथे थांबतील आणि पाळीपाळीने पुढे येतील. गाडी गोल फिरते हे बघणाऱ्याला कळता कामा नये, म्हणून दोन्ही टोकांची वळणे झाकायची. चार फुटांत वळणाची त्रिज्या २२ इंचांपेक्षा जास्त मिळत नाही, आणि आयसीएफचा पंचवीस सेंटिमीटरचा डबा त्या वळणावर बाहेर लोंबतो. लोंबू दे, झाकलेला आहे. पण डबे घ्यायच्या आधी एक डबा त्या वळणावर फिरवून बघा. सगळे फळकूट चाकांवर ठेवा, म्हणजे भिंतीपासून ओढून मागे जाता येईल.

वळणे वजा जाता पुढे दिसायला उरतात साधारण सात फूट. म्हणजे खरे अंतर जेमतेम १८५ मीटर. आता बोला, यात बेळगाव स्टेशन बसेल? स्टेशनच करू नका, असे माझे म्हणणे. एक इंजिन आणि चार डबे यांनाच चार फूट लागतात, फलाट कुठे मांडणार? १८५ मीटरमध्ये एक कटिंग, एक भराव, एक मोरी, एक रेल्वे गेट, एवढे सुखाने बसते. गेट ही तर आपल्या बेळगावकरांची कुळकथा. टिळकवाडीत पत्ता सांगतानासुद्धा पहिले गेट, दुसरे गेट, तिसरे गेट असेच सांगतात. गेटमनची खोली, बंद दांडा, अलीकडे थांबलेला टेम्पो आणि दांड्याखालून सायकल काढणारा एक जण. हा माणूस नक्की ठेवा, तो नसेल तर गेट आपल्याकडचे वाटणार नाही.

रुळाकडेला एक मात्र सांभाळा. गेटाची आठवण करून देणारी 'सी/फा' (सीटी/फाटक) अशी पिवळी पाटी इंजिनाच्या ड्रायव्हरसाठी असते, आणि ती गेटापासून शेकडो मीटर आधी असते. देखाव्यात तिची जागा तुमच्या खोलीबाहेर पडते. हौसेने गेटाशेजारी रोवू नका. लावायचीच असली तर दुसऱ्या टोकाला, पुढच्या कुठल्यातरी न दिसणाऱ्या गेटाची म्हणून लावा.

दिशा आता ठरवा, कारण पाणी दिशेवर ठरते. बघणारा पूर्वेला उभा, तोंड पश्चिमेला. मग उजवीकडे बेळगाव, डावीकडे लोंढा. मागे पडद्यावर सह्याद्रीच्या निळसर रांगा. मलप्रभा कणकुंबीकडून येते आणि पूर्वेला कृष्णेकडे जाते, म्हणून खानापूरच्या परिसरातला तुमचा ओढाही मागून पुढे, बघणाऱ्याच्या अंगावर येणार. डोंगराकडचे पाणी पडद्याच्या पायथ्याशी भरावाला अडते, मोरीतून पुढे निघते आणि फळीच्या कडेला संपते. कॅसलरॉकच्या पुढे पाणी उलटे, पश्चिमेला मांडवीकडे वळते. तो भाग तुम्ही केला असता तर हे सगळे फिरवावे लागले असते. कॅसलरॉकपर्यंत जिल्हाही बदललेला असतो, ते उत्तर कन्नडात येते.

सपाट प्लायवुडवर रूळ ठोकून वर डोंगर रचणे ही सगळ्यांची चूक. डोंगर होतो, पण दरी होत नाही, कारण फळीच्या खाली जमीन जात नाही. म्हणून फळी अखंड ठेवू नका. तीन बाय एक इंचाच्या पट्ट्यांचा सांगाडा करा, रुळाखाली तेवढी १२ मिलिमीटर प्लायची पट्टी ठेवा आणि ती सांगाड्यापासून चार-पाच इंच वर उचला. आता रुळाच्या खालीही जमीन नेता येईल, वरही. डावीकडे जमीन रुळाच्या वर, ते कटिंग. उजवीकडे रुळाच्या खाली, तो भराव, त्याच्या पायथ्याशी भातशेत. रूळ फळीच्या कडेला समांतर ठेवू नका, किंचित तिरका जाऊ द्या. हे एवढे केले की अर्धे काम झाले.

लाकूड सुकलेले पाहिजे. आमच्या धंद्यात ओल्या लाकडाचा पॅटर्न म्हणजे आत्महत्या, तरी मी एकदा मे महिन्यात घाईने आणलेल्या ओल्या पट्ट्यांवर सांगाडा केला. जुलैत पट्ट्या पिळल्या, रूळ सापासारखे झाले. धातू फार फुगत नाही; निकेल सिल्व्हरचा तीन मीटर रूळ २० अंशांच्या फरकाने एखादा मिलिमीटर वाढतो, तेवढी फट सांध्यात ठेवली की भागते. घात करते ते लाकूड. खानापूरच्या पावसाळ्यात माळ्यावर ते किती ओढते ते तुम्हाला मी सांगायला नको. प्लायला आणि पट्ट्यांना सगळ्या बाजूंनी ऑइल पेंट द्या, खालूनसुद्धा. कागदाचा लगदा आणि गव्हाची खळ यांचे डोंगर करू नका. माझ्या पहिल्या डोंगराला श्रावणात बुरशी आली, मग कसर लागली, आणि भाद्रपदात उंदराने बोगदा केला. नकाशात नसलेला.

डोंगराचे अंग असे करा: जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्याच्या बोटभर पट्ट्या विणून जाळी, तिच्यावर पीओपीत बुडवलेले सुती कापडाचे तुकडे दोन थर. गणपतीचा देखावा ज्याने केला आहे त्याला हे शिकवावे लागत नाही.

आता माती. परदेशातून माती मागवू का, हे वाचून मला हसू आले. तुम्ही जिथे बसला आहात तिथली माती जगातल्या कुठल्याही डब्यातल्या मातीपेक्षा सरस आहे. आपल्याच शेतातली घ्या, रेल्वेच्या हद्दीतली नको. उन्हात वाळवा, जुन्या तव्यावर भाजा म्हणजे किडे आणि बिया मरतील. मैद्याच्या चाळणीतून एकदा आणि सुती कापडातून एकदा गाळा. आणि मग, हे विसरू नका, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला चांगला लोहचुंबक तिच्यातून चार वेळा फिरवा. जांभ्याची माती लोखंडाची असते, तिच्यातले काही कण चुंबकाला चिकटतात. ते देखाव्यावर राहिले तर इंजिनाच्या मोटरमधला चुंबक त्यांना ओढून घेतो आणि महिन्याभरात दातेरी चाके खरखरू लागतात. असे एक इंजिन मी गमावले आहे.

माती तशीच चिकटवली तर डोळ्याला फार तांबडी लागते. बाहेर उन्हात, लांबून, मधल्या हवेतून आपण ती बघतो तेव्हा रंग फिका झालेला असतो. दोन फुटांवरून बघताना तो फिकेपणा आपण मिसळावा लागतो. मी चार भाग मातीला एक भाग राखाडी दगडाची भुकटी घालतो. फेव्हिकॉलच्या पाण्याने रंग पुन्हा गडद होतो, म्हणून आधी पुठ्ठ्यावर चिकटवून, सुकवून, देखाव्यावर जो दिवा असणार त्याच दिव्याखाली बघा.

कटिंगच्या जांभ्याबद्दल जरा थांबून बोलायला हवे. सगळे जण जांभा लाल रंगवतात. जांभा ताजा कापलेला असतो तेव्हाच लाल, त्यातही पिवळे आणि जांभळट डाग. दोन-चार पावसाळे गेले की वरून काळा पडतो, सावलीच्या बाजूला शेवाळ धरतो. लाल राहते ती नुकतीच ढासळलेली जागा. म्हणून सगळी भिंत आधी काळपट तपकिरी करा, मग एक-दोन ठिकाणी पोपडा काढल्यासारखा लाल दाखवा आणि त्याच्या बरोबर खाली, पायथ्याशी, तोच लाल ढिगारा टाका. जांभ्याची भोके तारेच्या ब्रशने पीओपी ओले असतानाच टोचा. कटिंगच्या माथ्यावर, कडेपासून थोडा मागे, चर काढा. रुळाच्या दोन्ही बाजूंना नाली. म्हातारेबुवा बघायला येतील असे समजा.

भरावाच्या पायथ्याशी खड्डे ठेवा. रूळ टाकताना भरावाला माती आजूबाजूलाच खणून काढत, ते खड्डे अजून दिसतात. पावसाळ्यानंतर त्यात पाणी साचलेले, एका बाजूला म्हैस. पाण्याला पारदर्शक इपॉक्सी रेझिन चालते. एका वेळी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड थर ओतू नका, तापते आणि तडकते. तळ आधी गढूळ तपकिरी रंगवा. निळे पाणी आपल्याकडे फक्त कॅलेंडरवर असते.

ऋतू एकच ठरवा. मी दिवाळी ते तुळशीचे लग्न हा पंधरवडा घेतो. भात एका वाफ्यात पिवळे उभे, दुसऱ्यात कापून आडवे पसरलेले, तिसऱ्यात नुसती बुडखे. माळावर रताळ्याचे वेल. ओढ्याकाठी अजून हिरवे, माथ्यावर गवत वाळायला लागलेले. एकाच देखाव्यात सगळे रंग मिळतात, आणि ते कुठे कोणते, हे पुन्हा पाणीच ठरवते: सखल वाफा उशिरा पिकतो. उभे भात एचओत सेंटिमीटरभर उंच. त्याला पायपुसण्याचा काथ्या कापून, रंगवून, ओळीने रोवा. बुडख्यांना जुना टर्किश टॉवेल पिवळट रंगवून बसवला तर उत्तम. बांधाला एका जागी पाणी सोडायची खाच ठेवा आणि ती खालच्या वाफ्याच्या बाजूलाच असू द्या.

झाडांत सगळ्यांची चूक एकच, ती बुटकी करतात. ऐन-किंदळाचे वीस मीटरचे झाड एचओत २३ सेंटिमीटर होते. डब्ल्यूडीएम-२ इंजिनाची उंची पाच सेंटिमीटरही नाही. झाड इंजिनाच्या साडेचारपटीहून जास्त हवे. असे एक झाड पुढे उभे केले की सगळ्या देखाव्याचा आकार एकदम खरा वाटू लागतो. विजेच्या जुन्या केबलच्या तारा पिळून खोड-फांद्या, वर पीओपी आणि फेव्हिकॉलचा लेप, पानांना बारीक दळलेला, रंगवलेला स्पंज. अशी दहा-बारा झाडे मन लावून करा. मागच्या रानाला खोडांची गरज नाही, उशीतला कृत्रिम कापूस काळा-हिरवा रंगवून त्याचे गोळे एकावर एक रचले की पुरे. वाळलेल्या तुळशीच्या काड्यांची लहान झुडपे फार सुंदर होतात. आईला विचारून घ्या. रानातल्या जमिनीवर चहाचा चोथा पाचोळा म्हणून शोभतो, पण तोही तव्यावर खडखडीत वाळवून.

खडीला फाउंड्रीची वाळू वापरू का, असे उद्यमबागेतली पोरे मला विचारतात. नको. ती गोल दाण्यांची असते, खडी कोनदार. वापरलेली काळी वाळू तर हातही लावू नका, तिच्यात बेंटोनाइट असते आणि ते ओल धरते. क्रशरवरची कच आणा. खरी खडी ६५ मिलिमीटरपर्यंतची, एचओत पाऊण मिलिमीटर. तेवढी चाळून घ्या, ब्रशने बसवा, पाण्याचा फवारा मारा, मग निम्मे पाणी निम्मे फेव्हिकॉल आणि एक थेंब भांड्यांचा साबण, ड्रॉपरने. साबण नसला तर थेंब खडीवर गोळा होऊन बसतो आणि खडी उकरतो.

घर एकच करा, गेटमनची खोली. मंगळुरी कौले. खानापूर तर कौलांचे आणि कुंभारांचे गाव, नमुना बघायला लांब जावे लागणार नाही. पांढऱ्या भिंतीचा खालचा भाग तांबडा करा: पागोळ्या जमिनीवर आपटून माती उडते, फूट-दीड फुटापर्यंत भिंत रंगते. एचओत ती चार-पाच मिलिमीटरची पट्टी. झाडाखालच्या कौलांवर काळे शेवाळ. एवढ्याने खोलीवर पाऊस पडून गेलेला दिसतो.

काळ कोणता, हे पाटी लिहायच्या आधी ठरवा. ही लाइन १८८०च्या दशकातली, मीटरगेजची. पलीकडे गोव्यात पोर्तुगीजांची रेल्वे होती आणि कॅसलरॉक हे हद्दीवरचे स्टेशन. ब्रॉडगेज झाले १९९०च्या दशकात. २००३ साली हुबळी विभाग दक्षिण मध्य रेल्वेतून नव्या दक्षिण पश्चिम रेल्वेत गेला, म्हणजे डब्यावरची अक्षरे बदलली. 'बेळगावी' हे नाव अधिकृत झाले १ नोव्हेंबर २०१४ला. त्याआधीचा काळ दाखवणार असाल तर डब्यावरच्या पाटीवर ते लिहू नका. आपल्या भागात या एका शब्दावरून काय काय झाले ते तुम्ही जाणता. देखाव्यात निदान तारीख बरोबर असू द्या. आता दुहेरी मार्ग आणि विजेच्या तारा आल्या आहेत. तारांचे खांब करणे फार किचकट, म्हणून मी २००५च्या आसपासचा काळ सुचवतो: एकेरी रूळ, निळे डबे, डिझेल इंजिन.

विजेचे थोडक्यात. १२ व्होल्ट डीसी पुरते. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र तार डाखा, सांध्याच्या पत्र्यावर भरवसा ठेवू नका, ओल्या हवेत तो आधी दगा देतो. रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. सँडपेपर कधीही नाही.

राहिली दोन टोके. डावीकडे कटिंग खोल होत जाऊन झाडीत शिरते, गाडी तिथे नाहीशी होईल. उजवीकडे भराव उघडा आहे, तिथे पडद्यातले भोक दिसते. रुळावरून जाणारा एखादा रस्त्याचा पूल तिथे टाकता येईल, पण २००५ साली खानापूरच्या शिवारात तो परका वाटेल. मी बांबूचे बेट लावीन. दाट, रुळावर झुकलेले, गाडी गेली की हलणारे. भोक दिसणार नाही, आणि ओढ्याकाठी बांबू असतोच.

सामान आताच घेऊ नका. या पावसाळ्यात जोराची सर येऊन गेली की जवळच्या गेटावर जा. रुळावर उतरू नका, तो १९८९च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे गुन्हा आहे, आणि गेटाबाहेरून सगळे दिसते. पाणी कुठून येते, कुठे थांबते, मोरीच्या कोणत्या तोंडाशी गवत आडवे झाले आहे, भरावाची माती कुठे धुपली आहे, हे वहीत काढा. फोटोपेक्षा वही बरी, काढताना बघावे लागते. ती वही घेऊन दिवाळीनंतर लाकूड आणायला जा. तोवर ते सुकलेलेही मिळेल.